शिवेवरची हाक

ठकूकाकीला कोणी 'बिचारी' म्हटलं की मला हसू येतं. नवरा डंपरखाली गेला, पोटी मूल नाय, दोन भातखाचरं आणि एक पडवी, एवढं ऐकलं की बाहेरची माणसं लगेच मान वाकडी करून 'अरेरे, बिचारी' म्हणतात. अहो, त्या बाईशी एकदा वाकड्यात जाऊन बघा. मग कोण बिचारं ते कळेल.

मी अनिता. धसईच्या पुढे आमचा पाडा, मुरबाड तालुक्याच्या टोकाला. माझी पडवी तिच्या पडवीला लागून, मध्ये एक कुडाची भिंत. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि मी नवऱ्याशी काय भांडले ते तिला शब्दाशब्दाने. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, बारावी झालेय, आणि पाड्यात सगळ्यात जास्त तोंड माझं चालतं असं माझा नवरा सांगतो. तो खोटं सांगत नाय.

काकीचा स्वभाव डूख धरायचा. तिची सख्खी बहीण शहापूरला दिलेली. तिच्या पोरीच्या लग्नात काकीला शेवटच्या पंगतीला बसवलं, भात संपला होता. पुढे बहीण स्वतः पाड्यावर आली, रडली, चुकलं बोलली. काकीने चहा केला, साखर घातली, एसटीपर्यंत सोडायला गेली. घरी येऊन मला काय बोलली? "चा पाजला म्हंजे इसरले आसं नाय गो." त्या गोष्टीला आता पोरीची पोरं शाळेत जायला लागली, तरी ती शहापूरला त्या घरी जेवत नाय. पाणी पिते आणि उठते.

यमाजीकाका, तिचा नवरा, अगदी उलटा. कोणी अंगावर थुंकलं असतं तर पाऊस आला काय म्हणून त्याने वर बघितलं असतं. काळी सायकल, पुढचा मडगार्ड नाय, मागे कॅरियरला फळी बांधलेली. फळीवर टोपली, टोपलीत दिवसाप्रमाणे भेंडी, काकडी, वालाच्या शेंगा. धसईच्या बाजारात जायचं, विकायचं, यायचं. चढ लागला की उतरून सायकल हाताने न्यायचा. "ती पन दमते," म्हणायचा. आणि रस्त्याने जाताना कधी डांबरावर सायकल घालायचा नाय. डांबराच्या खाली, कडेच्या मातीतून. "डांबर गाडीवाल्यांचं, माती आपली," हे त्याचं ठरलेलं बोलणं.

त्याच मातीत त्याला मारला. माघात, शेंगांच्या दिवसांत, सकाळी. क्रशरवरून खडीने शीगोशीग भरलेला डंपर उतारावर आला, डांबर सोडून खाली उतरला आणि त्याला घेऊन गेला. रस्ता मोकळा होता, समोरून काय येत नव्हतं, धुकंसुद्धा नव्हतं. आमी धावत गेलो तेव्हा शेंगा इथून तिथून विखुरलेल्या होत्या. काकी शेंगा वेचायला बसली. एक एक शेंग वेचून ओटीत घातली, कोणाला हात लावू दिला नाय. रडली नाय. मला तेव्हाच भीती वाटली, कारण ती रडली नाय म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

हे सगळं बघणारा एकच माणूस होता, धाऊ. त्याला मी आधी धाऊकाका म्हणायची, आता नुसतं धाऊ म्हणते, माझी मर्जी. यमाजीकाकाचा जिवाचा सोबती. बांधाला बांध, लहानपणी गुरं एकत्र राखलेली. त्या सकाळी तो रस्त्याच्या वरच्या बांधावर गवत कापत होता. संध्याकाळी काकीच्या अंगणात येऊन तो लहान पोरासारखा रडला, आमच्या सगळ्यांच्या समोर. "वैनी, पोरगा व्हता गो. शेठचा पोरगा, प्रज्वल. त्योच उतरला डायवरच्या बाजूनं. थरथरत व्हता. भगीरथ शेजारी बसला व्हता, त्यानं त्याला मोटारसायकलवर घालून लावून दिला."

शेठ म्हणजे क्रशरचा मालक. प्रज्वल त्याचा एकुलता एक, मिसरूड फुटलेलं, अठरा नुकतंच सरलेलं, लायसन नाय. डंपर शिकायची हौस आली होती बाबाला! शिकवणारा भगीरथ, क्रशरवरचा जुना ड्रायवर. आणि पोलिसात हजर कोण झालं? भगीरथ. लायसनवाला, अनुभववाला, 'ब्रेक लागला नाय साहेब' म्हणणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ऐकली होती, पण इथे संन्याशीसुद्धा आपल्या पायाने फाशीकडे चालत आला. का आला ते त्याला आणि शेठला ठाऊक.

धाऊ पोलिसांसमोर बसला तेव्हा त्याला प्रज्वल दिसलाच नव्हता. "भगीरथच व्हता," बोलला. त्याच महिन्यात त्याचा पोरगा साईनाथ क्रशरच्या वजनकाट्यावर लागला. खुर्चीवर, पंख्याखाली. आमी सगळ्यांनी बघितलं आणि मूग गिळून बसलो. पाड्यातली निम्मी माणसं क्रशरवर जातात. कोण बोलणार?

काकी मात्र वाट बघत राहिली. तिला वाटलं, पोलिसासमोर घाबरला असेल, कोर्टात बोलेल. देवाशपथ घ्यायची असते ना तिथे. पाड्यातली दोन-चार तरणी पोरं तिला बोलली, "काकी, एका काडीचं काम हाय. डंपर जाळून टाकतो." तिने त्यांना उभं झाडलं. "डंपर जाळून काय करू? डंपरला काय कळतंय? मला मानूस पायजे. त्या पोराच्या आयसला पन कळू दे, दुपारची भाकर झाकून ठेवायची न खानारा यायचा नाय म्हंजे काय आसतं ते."

दुसऱ्या वर्षी भादव्यात मुरबाडच्या कोर्टात धाऊची साक्ष लागली. मी गेले होते सोबत. धुतलेला सदरा घालून तो पिंजऱ्यात उभा राहिला, देवाशपथ खरं सांगेन बोलला, आणि भगीरथकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्योच चालवत व्हता." काकी माझ्या शेजारी बाकावर. तिने माझा हात धरला होता. नख रुतलं, रक्त आलं, तरी मी सोडवला नाय.

बाहेर आल्यावर तो तिच्यासमोरून जायला लागला. "वैनी..." बोलला. "वैनी नको म्हनू," काकी बोलली, "वैनी भावाच्या बायकूला म्हनतात." बास.

आमी सरकारी वकिलांना भेटलो. वर्षा मॅडम. बाई चांगली, पण कामाने वाकलेली. तिने सरळ सांगितलं, "मावशी, एकच माणूस होता तिथे, आणि तोच असं बोलतो. आता मी काय करू? त्याने स्वतः येऊन सांगितलं की मी आधी खोटं बोललो, तर त्याला परत बोलवायचा अर्ज मी देईन. त्याने नाव घेतलं तर कोर्ट त्या मुलालाही आरोपी करू शकतं. पण यायला तो स्वतः हवा." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मग शहाण्याने कुठे जावं, तेवढं काय कोणी सांगून ठेवलेलं नाय.

आता आमच्या पाड्याची चूक सांगते. अशी चूक फक्त आमीच करू शकतो.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे वाघबारस असते. सगळ्या डोंगरपट्टीत असते, पण आमच्या पाड्याची रीत जरा वेगळी. शिवेजवळ वाघोबाचा दगड आहे. त्या दिवशी तिथे गुराखी खीर शिजवतात आणि एका बाप्याला वाघ करतात. अंगाला पिवळी माती, त्यावर कोळशाचे पट्टे. मग सगळे त्याला विचारतात, "वाघ्या रे वाघ्या, आमच्या शिवंत येशील काय?" तो म्हणतो, "नाय येत!" "आमची गुरं खाशील काय?" "नाय खात!" मग काठ्या आपटत, ओरडत त्याला शिवेच्या बाहेर पळवून लावायचं. पलीकडे ओहोळ आहे, तिथे तो अंग धुतो आणि शिवेवर येऊन थांबतो. स्वतःहून आत यायचं नाय. एका ठरलेल्या घराने त्याला नावाने हाक मारायची: "ये रे, मानूस हो न घरी ये." हाक आली की तो आत, आणि खिरीचा पहिला वाडगा त्याचा. हाक आल्याशिवाय आत आला तर माणूस नाय, वाघ आत आला.

वाघ व्हायचा तो वर्षानुवर्षं धाऊ. अंगाने दांडगा आणि आवाज असा की गुरं दावं तोडतील. आणि हाक मारायचं घर यमाजीकाकाचं.

काका गेला त्या वर्षी पाड्यात वाईट मरण झालं म्हणून वाघ केला नव्हता. दुसऱ्या वर्षी पंच बसले. गोजरबाबा सगळ्यात म्हातारा, तो बोलला, "हाक घराची आसते. बाप्या नाय तं बाई मारील." सगळ्यांनी माना हलवल्या. वाघ कोण? धाऊ, आणखी कोण. परत माना हलवल्या. कोर्टात काय झालं ते अख्ख्या पाड्याला ठाऊक, तरी एकाच्याही डोक्यात आलं नाय की आपण कोणाचं नाक कोणाच्या हातात देतोय. रीत म्हटली की आमचं डोकं बाजूला बसतं. धाऊच्यासुद्धा ध्यानात आलं नाय, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या ध्यानात आलं होतं. मी बोलले नाय. मुद्दामच.

बायका वाघोबाच्या दगडाकडे जात नायत. काकी शिवेवर येऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. धाऊ आमच्या अंगावरून पळत बाहेर गेला, मागे काठ्या, आरोळ्या, हसणं. ओहोळात अंग धुऊन आला. कानाच्या मागे पिवळं तसंच राहिलेलं. येऊन उभा राहिला, दमलेला, हसत. पोरं खिरीभोवती गोळा झालेली. सगळे काकीकडे बघायला लागले.

काकी त्याच्या कानामागच्या पिवळ्याकडे बघत राहिली.

गोजरबाबा खाकरला. "ठकू, मार ना हाक."

"मारते की," काकी बोलली. "आदी एक इचारते. डंपर कोन चालवत व्हता?"

धाऊचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने खाली बघितलं, गोजरबाबाकडे बघितलं, साईनाथकडे बघितलं. साईनाथ गर्दीत मागे सरकला.

"भगीरथ," धाऊ पुटपुटला.

"मंग ऱ्हा भायेर," काकी बोलली आणि वळून घराकडे चालायला लागली.

काय गलका झाला म्हणून सांगू! कोणी म्हणे असं चालत नाय, कोणी म्हणे दुसऱ्या घराने हाक मारावी. गोजरबाबाने काठी आपटली. "हाक बदलत नाय. माज्या बापाच्या बापानं बदलली नाय, मी बदलू?" खीर तशीच राहिली, पोरांनी थंड खाल्ली.

तुमी म्हणाल, असं कसं? घर त्याचं, शेत त्याचं, चालत यायचं सरळ आत. आलाच नाय तो! कोण काठी घेऊन उभं नव्हतं. कोर्टात देवाची शपथ खोटी घेताना ज्याची जीभ अडखळली नाय, त्याचा पाय शिवेवर अडखळला. न्यायाधीश कोण कुठला, पण वाघोबा बारा महिने शेजारी असतो. आपण आत गेलो आणि उद्या कोणाचं वासरू गेलं, पोर गेलं, तर ते आपल्यामुळे, असं त्यालाच वाटत होतं. तो शिवेपलीकडे, रानडुकरं हाकायच्या माळ्यावर राहायला लागला. त्याची बायको सोमी भाकर नेऊन द्यायची. आत त्याचं भात पिकून आडवं व्हायला आलं होतं, आणि तो माळ्यावरून ते बघत बसायचा.

काकी रोज सकाळी शिवेवर जायची, त्याला दिसेल अशी उभी राहायची आणि परत यायची. मी विचारलं, कशाला गो जातेस? "बघायला," बोलली. "त्यो भाताकडं बघतो, मी त्याच्याकडं बघते. बरं वाटतं." मी तिला दोष देत नाय. मलापण बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

एक दिवस सोमी काकीच्या अंगणात येऊन बसली. पाया पडायला गेली तर काकीने पाय मागे घेतले. सोमी बोलली, "ठकू, माजा नवरा शिवंच्या भायेर हाय. थंडी पडाया लागली. हाक मार गो."

"माजा पन नवरा शिवंच्या भायेरच मेला," काकी बोलली. "तू मार त्याला हाक. त्यो आला का तुजा पन येईल." सोमी तोंडात पदर कोंबून उठून गेली.

त्याच्या दोन दिवसांनी सकाळी काकी शिवेवर गेली तर धाऊ उभाच होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो बोलला, "प्रज्वल व्हता. शेठचा प्रज्वल."

"मला म्हाईत हाय. मला नको सांगू. कोर्टात सांग."

"सांगतो. आदी आत घे."

"आदी सांग. मंग घेते."

तो तिकडे, ही इकडे, मध्ये शिवेचा एक दगड. कोणी मागे हटेना. मला वाटलं, झालं! जिंकलो आपण. आता फक्त त्याला माळ्यावरून उचलायचा आणि कोर्टात नेऊन उभा करायचा. त्याच दिवशी आमी दोघी मुरबाडला वर्षा मॅडमकडे गेलो. मी हौसेने सगळं सांगितलं, वाघोबापासून माळ्यापर्यंत. बाईचा चेहरा पडत गेला.

"तुम्ही त्याला गावाबाहेर ठेवलंय?"

"ठेवलाय नाय, तो राहिलाय," मी बोलले.

"अनिता, हे कोर्टात सांगून बघ." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माणसाला असं गावाबाहेर टाकणं गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे आपल्याकडे. मावशी, तुमच्यावरच केस होईल. ते एक राहू दे. समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारील? या बाईने तुला बाहेर ठेवलं, म्हणून तू आज नाव बदलतोस, हो की नाही? तो हो म्हणेल. संपलं! तो मुलगा कायमचा सुटला. आधी त्याला घरात घ्या. काही अट घालू नका. मग त्याला यायचं असेल तर तो येईल."

"न नाय आला तं?" काकीने विचारलं.

"तर नाही आला."

एसटीत काकी खिडकीकडे तोंड करून बसली. मुरबाड सुटलं तसं तिचं तोंड सुटलं. "म्हंजे माजा नवरा मारला त्यानं, खोटं बोलला ह्यो, न गुन्हा माजा! बरं हाय ह्यांचा कायदा! शेठच्या पोराला हात लावताना त्याच्या हाताला घाम सुटतो, न माजा गळा कसा बरोब्बर गावतो त्याला!" अख्खी एसटी मागे वळून बघत होती. बघू दे मेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खायचा माणसाने?

घरी आलो. तिने चूल पेटवली नाय. मी भाकर नेऊन दिली, ती तशीच. पडवीत खुंटीला काकाची टोपली टांगलेली. सायकल पोलिसांनी ठेवून घेतलेली, तिकडेच गंजतेय. काकी त्या टोपलीकडे बघत बसली होती, आणि मी शेजारी बसून तिची भाकर झाकून ठेवली.

शेवटी तीच बोलली. "अनिता, मला कोन पायजे? धाऊ का प्रज्वल?"

"प्रज्वल."

"धाऊ हातात हाय. मुठीत. आजून चार दिस आवळला तं मरंल त्यो." तिने मूठ मिटून बघितली, खरंच. "सोडवत नाय गो."

"मग नको सोडू."

"सोडाया लागंल. एका हातात दोन नाय मावत." ती उठली. "पन आयक. माफ नाय करत मी त्याला. सोडते. दोन येगळ्या गोष्टी हायेत."

दुसऱ्या दिवशी तिने खीर केली. नव्या तांदळाची, गूळ घालून. पाड्याला सांगितलं, कोणी बोलू नका, कोणी विचारू नका. शिवेवर गेली. धाऊ माळ्यावरून उतरून आला. त्याला वाटलं, परत तेच बोलणं. काकीने डोळे मिटले. मायेने नव्हे, रागाने. मी तिच्या इतकी जवळ उभी होते की मला कळत होतं.

"ये रे धाऊ," तिने हाक मारली, "मानूस हो न घरी ये."

तो जागचा हलेना. विश्वासच बसेना त्याचा. मग एक पाय आत टाकला, आणि जो बसला खाली, तो ओक्साबोक्शी रडायला लागला. काकीने वाडगा त्याच्यापुढे ठेवला. "खा." तो खात होता, नाकातून, डोळ्यांतून पाणी. "वैनी, मी उद्याच..." बोलायला लागला.

"मी काय इचारलं नाय," काकी बोलली. "मला काय सांगू नको. तू तुज्या वाटेनं जा, मी माज्या." रिकामा वाडगा उचलून ती निघाली.

आणि मग? मग काय नाय! उद्या आला, परवा आला, धाऊ कोर्टात गेला नाय. भात कापलं, झोडलं, कणग्या भरल्या. काकीच्या अंगणासमोरून विळा घेऊन जायचा, मान खाली. देवदिवाळी झाली. माझा जीव खालीवर. मी वर्षा मॅडमला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या. एकदा मी त्याला अडवायला निघाले तर काकीने माझी वेणी धरून मागे ओढली. "येक शबूद बोललीस तं तुजी न माजी भिंत मी दगडानं बांधून घेईन." तिचं खाणं तुटलं होतं. जिने आयुष्यात कोणाला काय सोडलं नाय, तिने हातातलं सोडलं, आणि आता गप बसायचं होतं. मी तिला एवढी शिक्षा झालेली कधी बघितली नाय.

मग एका सकाळी साईनाथ घरीच दिसला. क्रशरवर गेला नाय. म्हटलं, बरं नसेल. दुसऱ्या दिवशी पण घरी. तिसऱ्या दिवशी धाऊ धुतलेला सदरा घालून एसटीच्या थांब्यावर उभा. मी अंगणवाडीत चालले होते. "कुठे?" मी विचारलं. "मुरबाडला," तो बोलला. "आदी पोराला काडला तिथून. मंग निघालो." मी धावत येऊन काकीला सांगितलं. ती वाल पेरत होती. तिने मान वर केली नाय, पण हातातला वाल एकाच जागी पडत राहिला.

अर्ज झाला, तारीख पडली, धाऊ परत पिंजऱ्यात उभा राहिला. बोलला सगळं. डंपर खाली कसा उतरला, कुठल्या दरवाजातून कोण उतरलं, मोटारसायकलवर कोणाला घातलं. प्रज्वलचं नाव घेतलं तेव्हा शेठचा वकील उठला. वर्षा मॅडम बोलली होती तेच त्याने विचारलं, जणू दोघांनी बसून ठरवलं होतं.

"तुम्हाला गावाबाहेर ठेवलं होतं, हे खरं आहे?"

"व्हय."

"कोणी?"

धाऊने काकीकडे बोट दाखवलं. "हिनं."

"म्हणजे या बाईच्या दबावाखाली तुम्ही आज खोटं बोलताय."

"नाय साहेब," धाऊ बोलला. "दबाव व्हता तवा मी खोटंच बोललो. भायेर व्हतो, तरी मी भगीरथच बोललो. मंग आत घे म्हनून खरं बोलाया गेलो, तं तिनं आयकलं नाय. मंग तिनं हाक मारली, आत घेतलं, खीर घातली. तवापासून ती माज्याशी एक शबूद बोलली नाय. बोलली आसती तं मी आलो नसतो. आता मला कोन काय करीत नाय. म्हनूनच आलोय."

न्यायाधीश साहेबांनी मान खाली घालून लिहायला सांगितलं. आधी खोटी शपथ घेतलीत, त्याचं तुम्हाला भोगावं लागेल, असं ते धाऊला बजावून बोलले. "भोगतो साहेब," तो बोलला. काकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाय. सोडलं होतं, माफ केलं नव्हतं. बोलली होती तशी वागली.

पुढच्या तारखांना कोर्टाने प्रज्वलला समन्स काढलं. आरोपी म्हणून तो पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी आमी दोघी सगळ्यात पुढच्या बाकावर होतो. गोरं, घाबरलेलं पोरगं. काकी त्याच्याकडे बघत होती, जशी रोज शिवेवरून धाऊकडे बघायची तशी. पापणी लवली नाय. त्याने एकदा बघितलं आणि परत बघितलं नाय. केस अजून चालू आहे. वर्षा मॅडम सांगते, वेळ लागेल. लागू दे. आमच्या काकीला घाई नाय.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात शेठाणी आडवी आली. जरीची साडी, गळ्यात दागिने, पण डोळे सुजलेले. तिने काकीचे दोन्ही हात धरले. "बाई, आईचं काळीज आहे हो. पोर आहे, चुकलं. तुम्ही त्या माणसाला हाक मारून घरात घेतलंत म्हणे. माझ्या पोराला पण घरी येऊ द्या ना."

काकीने हात सोडवून घेतले. सावकाश, एक एक बोट.

"धाऊची हाक माज्या घराकडं व्हती, ती मी मारली," ती बोलली. "तुमच्या पोराची हाक यमाजीकडं हाय. त्याला सांगा मारायला."

आणि पदर खोचून ती एसटीच्या दिशेने चालायला लागली. धसईची गाडी लागली होती, आमाला खिडकीची जागा मिळाली.